विंडोज सर्व्हर २०२५ ची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी: कोकणातल्या शाखांच्या नेटवर्कवर आणताना

रत्नागिरीत मुख्य कार्यालय, खेड, गुहागर, राजापूर, मालवणला शाखा, सगळे मिळून दीड-दोनशे संगणक आणि हे सगळं सांभाळायला एक, फार तर दीड माणूस. पतसंस्था, शिक्षणसंस्था, आंबा-काजूवर प्रक्रिया करणारे उद्योग यांची नेटवर्कं आपल्याकडे साधारण याच मापाची असतात. हा लेख त्या दीड माणसासाठी आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे संस्थेतल्या खात्यांची आणि संगणकांची एकच नोंदवही, आणि ती सांभाळून लॉगिन तपासणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. डोमेन कंट्रोलर, डीएनएस, ग्रुप पॉलिसी हे शब्द रोजच्या वापरातले आहेत असं धरून चाललो आहे.

विंडोज सर्व्हर २०२५ नोव्हेंबर २०२४ पासून बाजारात आहे. २०१९ आणि २०२२ या दोन्ही आवृत्त्यांनी डिरेक्टरीला नवी फंक्शनल लेव्हल (कोणत्या काळच्या सोयी चालू असतील ते ठरवणारी पातळी) दिली नव्हती, सगळं २०१६ च्या पातळीवरच चालू होतं. आता बऱ्याच वर्षांनी नवी पातळी आली आहे, तिचा क्रमांक १०. स्कीमाही, म्हणजे डिरेक्टरीतल्या नोंदींचा आराखडा, ८८ वरून ९१ वर गेला. घाई कोणाला? ज्यांचा कंट्रोलर सर्व्हर २०१६ वर आहे त्यांना, कारण त्याचे सुरक्षा अपडेट १२ जानेवारी २०२७ ला थांबतात. २०१२ आर२ वर असाल तर तो आधार १० ऑक्टोबर २०२३ लाच सुटला.

यादीतलं आपल्या कामाचं काय

नव्या गोष्टींच्या यादीत सगळ्यात वर असते ३२के पानांची. विंडोज २००० पासून डिरेक्टरीचा डेटाबेस ८ किलोबाइटच्या पानांवर (एका वेळी लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या तुकड्यांवर) चालत आला, आता ३२ किलोबाइटची पानं वापरता येतात आणि एका अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (नोंदीतल्या एका रकान्यात) पूर्वीच्या सुमारे २.६ पट मूल्यं मावतात. दुसरी गोष्ट, ६४ पेक्षा जास्त कोअर असलेल्या यंत्रावर सगळे कोअर वापरण्याची. दोन्ही चांगल्या आहेत, पण ज्यांच्या डोमेनमध्ये लाखभर खाती आहेत त्यांच्यासाठी. आपल्या कंट्रोलरला चार कोअर आणि आठ जीबी रॅम दिली तरी तो दिवसभर जांभया देत बसतो.

आपल्याला खरा फरक पडतो तो ही आवृत्ती काय करायला नकार देते त्याने. आरसी४ या जुन्या एन्क्रिप्शनवर आधारलेलं कर्बरॉसचं (लॉगिनची ओळख पटवणाऱ्या पद्धतीचं) मुख्य तिकीट हा कंट्रोलर देत नाही. एनटीएलएम या त्याहून जुन्या ओळख-पद्धतीची पहिली आवृत्ती काढूनच टाकली आहे. कंट्रोलर शोधायला विन्स आणि मेलस्लॉट या जुन्या पद्धती आता वापरले जात नाहीत. गोपनीय अ‍ॅट्रिब्यूट एन्क्रिप्शन नसलेल्या कनेक्शनवर वाचता किंवा बदलता येत नाहीत. नव्याने उभारलेल्या डोमेनमध्ये एलडॅप साइनिंग (डिरेक्टरीशी बोलताना प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही) सक्तीचं आहे. सर्व्हरमधून बाहेर जाणारं एसएमबी (फाइल शेअरिंगचं) कनेक्शनही साइनिंग मागतं. थोडक्यात, आतापर्यंत चालून गेलेली जुनी यंत्रं आणि जुनी सवय इथे अडते. म्हणून खालचा क्रम असा लावला आहे: आधी अडणारी यंत्रं शोधायची, मग नवा सर्व्हर आणायचा, आणि जिथून परत फिरता येत नाही त्या गोष्टी शेवटी.

पहिली पायरी: आहे ते डोमेन धड आहे का

विद्यमान कंट्रोलरवर डीसीडायग ही प्रकृतीची तपासणी चालवा आणि रेपअ‍ॅडमिनचा रेप्लसमरी अहवाल (कंट्रोलरांमधल्या प्रतिकृतीचा) काढा. त्यात लाल काही असेल तर ते आधी मिटवा. आजारी डोमेनमध्ये नवा कंट्रोलर घातल्याने आजार बरा होत नाही, पसरतो.

फंक्शनल लेव्हल बघा. डोमेन आणि फॉरेस्ट दोन्ही २०१६ वर असल्याशिवाय २०२५ चा कंट्रोलर त्यात येतच नाही. इथे एक नेहमीची पंचाईत होते. एकुलता एक कंट्रोलर २०१२ आर२ वर असेल तर पातळी २०१६ वर नेता येत नाही, आणि पातळी वाढल्याशिवाय २०२५ आत येत नाही. अशा वेळी मध्ये २०१९ किंवा २०२२ चा एक कंट्रोलर उभा करावा लागतो, एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं) त्याच्याकडे द्यायच्या, जुना उतरवायचा, पातळी २०१६ करायची आणि मग २०२५. हे काम एका शनिवारात उरकेल असं साहेबांना सांगू नका.

सिसव्हॉलची (कंट्रोलरांवरच्या सामायिक पॉलिसी-फोल्डरची) प्रतिकृती कशावर चालते तेही बघा. २००३ च्या काळापासून चढत आलेल्या डोमेनमध्ये ती अजून एफआरएस या जुन्या पद्धतीवर असू शकते. डीएफएसआरमिग या आदेशाने अवस्था कळते, उत्तर 'एलिमिनेटेड' असलं पाहिजे.

आता वेळ. कर्बरॉसला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, खाऱ्या हवेने मदरबोर्डवरची बटण-बॅटरी लवकर मान टाकते, आणि सकाळी यंत्र चालू झालं की घड्याळ भलतंच साल दाखवतं. पीडीसी एम्युलेटरची (डोमेनच्या वेळेची जबाबदारी असलेली) भूमिका ज्या कंट्रोलरकडे आहे त्याला बाहेरच्या भरवशाच्या वेळ-सर्व्हरशी जोडा, बाकी सगळे त्याच्याकडून वेळ घेतात. कंट्रोलर व्हर्च्युअल असेल तर यजमान यंत्राकडून वेळ घेणं बंद करा, नाहीतर दोघांची ओढाताण होते.

डीएनएसची एक खोड शाखाशाखांत सापडते. राउटर बसवणारा मुलगा दुय्यम डीएनएस म्हणून ८.८.८.८ टाकून जातो, 'नेट चालू राहावं म्हणून'. त्या पत्त्याला तुमच्या डोमेनची काही माहिती नाही, त्यामुळे कधी लॉगिन होतं, कधी होत नाही, आणि दोष सर्व्हरला मिळतो. डोमेनमधल्या संगणकांना फक्त आपल्याच कंट्रोलरचे डीएनएस पत्ते द्या. बाहेरची नावं शोधण्यासाठी कंट्रोलरवर फॉरवर्डर आहे.

आणि सिस्टिम स्टेटचा बॅकअप. तो घ्या, तो उघडतो का बघा, आणि एक प्रत घाटावर पाठवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा बाजारपेठेतल्या तळमजल्यांचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं आहे. सर्व्हर आणि त्याचा बॅकअप एकाच इमारतीच्या एकाच कपाटात असेल तर तो बॅकअप नव्हे. कुंभार्ली चढून कराडला किंवा आंबा घाटाने कोल्हापूरला एक एन्क्रिप्ट केलेली डिस्क दर महिन्याला गेली तरी पुरे. मात्र सहा महिन्यांपूर्वीची डिस्क जपून ठेवण्यात अर्थ नाही: टूमस्टोनची (पुसलेल्या नोंदीची खूण ठेवण्याची) मुदत सहसा १८० दिवसांची असते, त्याहून जुन्या बॅकअपमधून कंट्रोलर परत उभा करता येत नाही.

दुसरी पायरी: कोण अडणार ते आधीच शोधा

हा या कामाचा सगळ्यात वेळखाऊ भाग, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. किमान महिनाभर नोंदी जमू द्या. महिनाभर अशासाठी की काही यंत्रं महिनाअखेरीलाच जागी होतात.

प्रथम एलडॅप. कंट्रोलरच्या डिरेक्टरी सर्व्हिस लॉगमध्ये २८८७ क्रमांकाची नोंद दिवसातून एकदा सांगते की साइनिंग नसलेली किंवा उघड्यावरची किती कनेक्शनं आली. ती कोणाकडून आली हे कळायला रजिस्ट्रीत एनटीडीएसच्या डायग्नॉस्टिक्स विभागातली '१६ एलडॅप इंटरफेस इव्हेंट्स' ही किंमत २ करा. मग प्रत्येक कनेक्शनला २८८९ ची नोंद पडू लागते. त्यात यंत्राचा पत्ता, वापरलेलं खातं आणि बाइंडिंग टाइप दिसतो. समजा पत्ता आहे १९२.१६८.२०.४५, खातं 'स्कॅन', टाइप १. टाइप १ म्हणजे पासवर्ड उघडा पाठवणारं साधं बाइंड (लॉगिन). तो पत्ता गुहागर शाखेचा, यंत्र जिन्याखालचं झेरॉक्स-स्कॅनर, आणि ते कर्मचाऱ्यांचे ईमेल पत्ते शोधायला डिरेक्टरीत डोकावतं आहे. उपाय दोन. यंत्राला एलडॅपएस (एन्क्रिप्ट केलेलं एलडॅप) जमत असेल तर कंट्रोलरला प्रमाणपत्र द्या आणि यंत्राचं पोर्ट ६३६ करा. जमत नसेल तर त्या वीस माणसांचे पत्ते यंत्राच्या स्वतःच्या यादीत भरा आणि डिरेक्टरीशी त्याचा संबंध तोडा. दुसरा उपाय दिसायला गावठी आहे, पण मला तोच जास्त पटतो, कारण त्या यंत्राकडे डोमेनचा पासवर्ड असण्याचं मुळात काही कारण नव्हतं. टाइप ०, म्हणजे साइनिंग नसलेलं बाइंड, दिसला तर तिथे बहुधा एखादं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या विक्रेत्याकडे नवी आवृत्ती मागा.

चॅनल बाइंडिंगसाठी (लॉगिन त्याच सुरक्षित कनेक्शनला बांधण्यासाठी) वेगळ्या नोंदी आहेत, ३०७४ आणि ३०७५. सक्ती लागू केली असती तर कोणती कनेक्शनं नाकारली गेली असती हे त्या आधीच सांगतात. बायोमेट्रिक हजेरीचं सॉफ्टवेअर इथे हमखास भेटतं.

मग कर्बरॉस. सिक्युरिटी लॉगमधल्या ४७६८ आणि ४७६९ या नोंदींत तिकिटाच्या एन्क्रिप्शनचा प्रकार असतो. ०एक्स१२ म्हणजे एईएस २५६, ते ठीक. ०एक्स१७ म्हणजे आरसी४. ज्या खात्याचा पासवर्ड कित्येक वर्षांत बदललेलाच नाही त्याच्याकडे एईएसची किल्लीच नसते, कारण ती किल्ली डोमेन २००८ च्या पातळीवर गेल्यानंतर पासवर्ड बदलताना तयार होते. अशी खाती बहुधा सेवांची असतात: अकाउंटिंगच्या सर्व्हरची, बॅकअपची, कोणीतरी २००६ मध्ये बनवून गेलेली. पासवर्ड एकदा बदला, सेवेत नवा टाका, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. कर्बरॉसची तिकिटं ज्याच्या किल्लीने बनतात त्या केआरबीटीजीटी खात्याचा पासवर्डही कधी बदलला होता ते बघा. तो दोनदा बदलावा लागतो आणि दोन्हींमध्ये किमान दहा तासांचं अंतर ठेवावं लागतं. दूरच्या शाखेत कंट्रोलर असेल तर तिथवर पहिला बदल पोचल्याची खात्री करूनच दुसरा करा.

जुन्या नॅस पेट्या (नेटवर्कवरच्या साठवणीच्या) विसरू नका. नवा सर्व्हर एसएमबी साइनिंग मागणार आणि दहा वर्षांपूर्वीच्या पेटीला ते जमलं नाही तर रात्रीचा बॅकअप मुकाट्याने बंद पडेल. साइनिंगची सक्ती काढून पेटी चालू ठेवण्यापेक्षा पेटी बदला.

तिसरी पायरी: नवा सर्व्हर, जुन्यावर चढवलेला नव्हे

२०१२ आर२ पासून थेट २०२५ वर जागच्या जागी अपग्रेड करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. फाइल सर्व्हरला ती वापरा. कंट्रोलरला नको. जागच्या जागी अपग्रेड केलेला कंट्रोलर जुन्या ८के डेटाबेसवरच राहतो, तर नव्याने बसवलेल्याचा डेटाबेस आतून ३२के साठी तयार असतो आणि बाकीच्यांशी जुळवून घेण्यासाठी ८केच्या पद्धतीने चालतो. पुढे कधी मोठी पानं हवी झाली तर अपग्रेड केलेला कंट्रोलर उतरवून पुन्हा उभा करावाच लागेल.

विंडोज बसवून झाली की डोमेनमध्ये बढती देण्याआधी सगळे अपडेट घाला. याची दोन ठोस कारणं आहेत. सुरुवातीच्या काही महिन्यांत २०२५ चा कंट्रोलर रीस्टार्टनंतर डोमेनऐवजी सर्वसाधारण फायरवॉल प्रोफाइल लावून बसायचा आणि संगणकांना तो सापडायचा नाही. जून २०२५ च्या अपडेटने ते सुधारलं. दुसरं कारण पुढे डीएमएसए या नव्या सेवा-खात्यांच्या वेळी येतं. लाइन संथ असेल तर अपडेटच्या फाइली पेनड्राइव्हवर न्या, शाखेत बसून रात्र काढू नका.

बढतीचा विझार्ड स्कीमा स्वतःच वाढवतो, फक्त तुमचं खातं स्कीमा आणि एंटरप्राइझ अ‍ॅडमिन गटांत असलं पाहिजे आणि स्कीमा मास्टर जागा असला पाहिजे. काम झालं की त्या गटांतून खातं काढा. दोन दिवस प्रतिकृती नीट चालली की पाचही एफएसएमओ भूमिका नव्याकडे द्या, वेळेची जोडणी पीडीसीच्या नव्या मालकावर पुन्हा करा. जुना कंट्रोलर रीतसर उतरवला की त्याचा आयपी पत्ता नव्याला द्या. शाखांतल्या राउटरांत, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरांत, छपाई यंत्रांत तो पत्ता कोणी कुठे हाताने भरून ठेवला आहे याची यादी कोणाकडेच नसते.

परवान्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो: क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स २०२५ चेच लागतात, २०२२ चे किंवा त्याआधीचे नव्या कंट्रोलरला चालत नाहीत. सर्व्हरची किंमत मंजूर करून घेताना हा आकडा त्याच कागदावर टाका. नंतर वेगळा कागद नेलात तर पुढच्या वार्षिक सभेपर्यंत थांबावं लागेल.

वेळ कधीची निवडावी? मार्चअखेर नाही, हे सांगायला नको. गणपतीच्या आदल्या आठवड्यातही नाही. काम अर्ध्यावर राहिलं तर मदतीला येणारा माणूस आरत्यांत आणि तुम्हीही आरत्यांत. जून-जुलैत महामार्गाच्या कडेला खोदकाम आणि दरडी यांत फायबर तुटतो, तेव्हाही टाळा. नवरात्रानंतरचा कोरडा काळ बरा.

चौथी पायरी: शाखा

दहापेक्षा कमी संगणक असलेल्या शाखेत कंट्रोलर ठेवू नका. लाइन गेली तरी विंडोज मागच्या दहा लॉगिनांची आठवण ठेवतं, रोजची माणसं काम करत राहतात. अडतो तो त्या संगणकावर पहिल्यांदाच बसणारा. मोठ्या शाखेत कंट्रोलर हवाच असेल आणि खोलीला धड कुलूप नसेल तर रीड-ओन्ली कंट्रोलर ठेवा, आणि त्यात फक्त त्याच शाखेच्या माणसांचे पासवर्ड उतरू द्या. कोणी यंत्र उचलून नेलं तरी सगळ्या संस्थेचे पासवर्ड बदलावे लागत नाहीत.

प्रत्येक शाखेचं सबनेट (पत्त्यांचा पट्टा) डिरेक्टरीत योग्य साइटला, म्हणजे त्या ठिकाणाच्या नोंदीला, जोडा. हे राहिलं तर मालवणचा संगणक खेडच्या कंट्रोलरकडे लॉगिन मागत बसतो. दोन साइटांमधली प्रतिकृती मुळात दर १८० मिनिटांनी होते, ती १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येते. फायबर असेल तर १५ करा. नव्या आवृत्तीत ठरावीक भागीदाराच्या प्रतिकृतीला जास्त प्राधान्य देता येतं, पण चार शाखांच्या रचनेत त्याला हात लावायची गरज मला दिसत नाही.

पाचवी पायरी: पासवर्डांची सोय

इथे नव्या आवृत्तीचं खरं चीज होतं. विंडोज लॅप्स एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच आहे: प्रत्येक संगणकाच्या स्थानिक अ‍ॅडमिन खात्याला वेगळा पासवर्ड, ठरावीक दिवसांनी आपोआप बदलणारा, डिरेक्टरीत एन्क्रिप्ट करून ठेवलेला. सगळ्या शाखांत एकच अ‍ॅडमिन पासवर्ड आणि तो शिपायापासून संगणक दुरुस्तीवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ, ही अवस्था याने संपते. आधी लॅप्सचा स्कीमा वाढवा, संगणकांच्या ओयूला (डिरेक्टरीतल्या कप्प्याला) स्वतःचा पासवर्ड लिहिण्याचा अधिकार द्या, मग ग्रुप पॉलिसी लावा. विंडोज ११ च्या २४एच२ आणि सर्व्हर २०२५ वर दोन जास्तीच्या सोयी मिळतात. एक, अ‍ॅडमिन खातं लॅप्स स्वतःच तयार करून सांभाळतं. दोन, पासवर्डात शून्य आणि ओ, एक आणि एल असे घोळ घालणारे वर्ण टाळता येतात, किंवा शब्दांचा परवलीचा वाक्यांश वापरता येतो. राजापूरच्या शाखेला फोनवरून चौदा अक्षरी पासवर्ड सांगून बघा, मग या सोयीची किंमत कळेल.

लॅप्स कंट्रोलरचा डीएसआरएम (डिरेक्टरी दुरुस्तीसाठी सर्व्हर सुरू करण्याचा) पासवर्डही सांभाळू शकतं. सोय चांगली आहे, पण तो पासवर्ड लागतो डिरेक्टरी मेलेली असतानाच, आणि ठेवलेला असतो त्याच डिरेक्टरीत. एकच कंट्रोलर असेल तर ही सोय वापरू नका. पासवर्ड कागदावर, लखोट्यात, तिजोरीत.

सेवांच्या खात्यांसाठी डीएमएसए हा नवा प्रकार आला आहे. जुनं सेवा-खातं त्याच्याशी जोडायचं, काही दिवस सेवा चालू द्यायची, ती कुठल्या यंत्रांवरून वापरली जाते हे तो शिकतो, मग स्थलांतर पूर्ण करायचं की जुन्या खात्याचा पासवर्ड चालेनासा होतो. पासवर्ड माणसाच्या हातात राहतच नाही. सेवा चालवणारं यंत्र सर्व्हर २०२५ किंवा विंडोज ११ २४एच२ असलं पाहिजे. जुन्या सर्व्हरवर जीएमएसए या आधीच्या प्रकारावर भागवा, तोही उत्तम आहे.

मात्र मे २०२५ मध्ये अकामाईच्या संशोधकांनी दाखवलं की एखाद्या ओयूत नवी वस्तू तयार करण्याचा साधा अधिकार असलेला माणूस डीएमएसए बनवून डोमेन अ‍ॅडमिनची ताकद मिळवू शकतो. 'बॅडसक्सेसर' या नावाने ते गाजलं. तुम्ही डीएमएसए वापरत नसाल तरी डोमेनमध्ये २०२५ चा एक कंट्रोलर असणं त्याला पुरेसं होतं. ऑगस्ट २०२५ च्या अपडेटने ते बुजवलं, म्हणून वर अपडेट आधी म्हटलं. तरीही प्रत्येक ओयूचे अधिकार उघडून बघा. 'हेल्पडेस्क' गटाला कधीकाळी संगणक जोडण्यासाठी दिलेला सरसकट निर्मितीचा अधिकार फक्त संगणक खात्यांपुरता करा.

सहावी पायरी: परत न फिरता येणाऱ्या गोष्टी

२८८९ च्या नोंदी थांबल्या, ०एक्स१७ दिसेनासा झाला, की एलडॅप साइनिंग ग्रुप पॉलिसीतून सक्तीचं करा. जुन्या डोमेनमध्ये आधीचं धोरण तसंच राहतं, नवा कंट्रोलर आला म्हणून सक्ती लागू झाली असेल असं धरून चालू नका. आठवडाभर फोन आला नाही तर चॅनल बाइंडिंग.

सगळे कंट्रोलर २०२५ वर आल्यावरच डोमेनची आणि मग फॉरेस्टची पातळी १० करायची. एकदा केली की २०२२ चा कंट्रोलर पुन्हा आत घेता येत नाही, तेव्हा जुना परवाना 'असू दे राखीव' म्हणून ठेवला असेल तर त्याचं काय करायचं ते आधी ठरवा.

उरली ३२केची पानं. ती संपूर्ण फॉरेस्टला एकदम लागू होतात, प्रत्येक कंट्रोलरचा डेटाबेस त्यासाठी तयार असावा लागतो, आणि चालू केल्यावर बंद करता येत नाहीत. प्रत्येक कंट्रोलरच्या एनटीडीएस सेटिंग्जमधल्या एमएसडीएस-जेटडीबीपेजसाइझ या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ३२७६८ दिसलं तर तो तयार, ८१९२ दिसलं तर नाही. दोनशे संगणकांच्या डोमेनसाठी हा खटका बंदच राहू द्या. चालू करायचाच असेल तर त्याच दिवशी सगळ्या कंट्रोलरांचा नवा बॅकअप घ्या, आणि कराडला गेलेली जुनी डिस्क बदलून आणा, कारण ८के काळातल्या तिच्यावरच्या प्रतीतून एखादा कंट्रोलर परत आणून चालू फॉरेस्टमध्ये बसवता येणार नाही.